घरमालक त्रास देतोय, तक्रार कुठे आणि कशी करायची? वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांत सगळ्यात जास्त पत्रं भाड्याच्या घराबद्दलची होती, आणि वाचताना खरंच जीव कळवळला, म्हणून बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकललेत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं, गावं मुद्दाम काढून टाकलीत. उत्तरं महाराष्ट्रातल्या कायद्याप्रमाणे आहेत, म्हणजे मुख्यतः महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू आहे. दुसऱ्या राज्यात राहणाऱ्यांनी तिथला कायदा बघून घ्यावा.

ताई, मी नोकरीसाठी एकटी राहते, वन बीएचके, लिव्ह अँड लायसन्स, अ‍ॅग्रीमेंट रजिस्टर केलेलं आहे. मालकांकडे डुप्लिकेट चावी आहे. मी ऑफिसात असताना ते येऊन जातात हे मला आधीपासून कळत होतं, कारण किचनची खिडकी मी लावून जायचे आणि संध्याकाळी ती उघडी असायची. गेल्या रविवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर हे हॉलमध्ये खुर्चीवर बसलेले, म्हणे गिझर बघायला आलो. मला काही बोलताच आलं नाही. आई म्हणते घर सोड. पण घर त्यांचंच आहे ना, मी काय बोलणार?

"घर त्यांचंच आहे" हे आधी डोक्यातून काढून टाका. घराची मालकी त्यांची आहे, पण अ‍ॅग्रीमेंटची मुदत आहे तोपर्यंत ताबा तुमचा आहे, आणि कायदा ताबा बघतो. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २८ मध्ये मालकाला घर बघायचा हक्क दिलाय, पण तो आधी कळवून आणि योग्य वेळी, आणि हे फक्त जुन्या भाडेकरूंना नाही तर लायसन्सवर राहणाऱ्यांनाही लागू आहे. न सांगता चावी लावून आत येणं यात कुठेच बसत नाही. त्रास द्यायच्या, घाबरवायच्या किंवा अपमान करायच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या घरात शिरणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ खाली गुन्हा आहे, आणि शिरणारा माणूस मालक आहे म्हणून तो गुन्हा माफ होत नाही.

आता आज काय करायचं ते सांगते. आजच आतून एक कडी बसवून घ्या, आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये मनाई नसेल तर लॉकही बदला, जुनं लॉक जपून ठेवा, सोडताना परत लावून द्यायचं. मग त्यांना मेसेज टाका, फोन नाही, मेसेजच. भांडणाची भाषा नको, नुसतं झालेलं लिहायचं, साधारण असं: "रविवारी सकाळी तुम्ही मला न कळवता डुप्लिकेट चावीने फ्लॅटमध्ये आलात तेव्हा मी बाथरूममध्ये होते. यापुढे यायचं असेल तर आदल्या दिवशी मेसेज करा आणि मी घरी असताना या. तुमच्याकडची चावी परत द्या." बस, एवढंच. यावर त्यांनी "अगं गिझर बघायचा होता, त्यात काय एवढं" असं उत्तर दिलं ना, की ते आले होते हे त्यांनी स्वतः लिहून दिलं, आणि उद्या पोलिसांसमोर "मी गेलोच नव्हतो" म्हणायची सोय उरली नाही. माझ्याकडे आलेल्या कितीतरी बायकांच्या प्रकरणात असा एक साधा मेसेज वीस साक्षीदारांपेक्षा जास्त कामाला आलाय.

एक वही करा. तारीख, वेळ, काय झालं, कोण होतं, आणि बोलणं असेल तर जसंच्या तसं. "घाण बोलले" असं लिहू नका, जे शब्द वापरले तेच लिहा, लाज वाटली तरी लिहा, कारण तीन महिन्यांनी नेमके शब्द कोणालाच आठवत नाहीत आणि समोरचा वकील तिथेच पकडतो. खिडकीचंही लिहा. फोटो काढलात तर मूळ फोटो फोनमध्येच राहू द्या, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं सर्टिफिकेट जोडावं लागतं, त्या वेळी मूळ फोन हाताशी असला की काम सोपं होतं.

आणि कुठे छुपा कॅमेरा नाही ना, हे बाथरूम, बेडरूममध्ये एकदा नीट तपासा, गिझरच्या मागे, स्विचबोर्डात, व्हेंटिलेटरमध्ये. घाबरवायला नाही सांगत, पण जो माणूस बाई आंघोळीला गेलेली असताना आत येऊन बसतो त्याच्या बाबतीत हे तपासलंच पाहिजे. काही सापडलं तर हात लावू नका, काढू नका, तिथूनच ११२ ला फोन करा. न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तो गंभीर गुन्हा आहे.

मेसेजनंतरही ते आले, किंवा तुम्हाला आत्ताच भीती वाटत असेल, तर वाट न बघता पोलीस स्टेशनला जा. कसं ते खालच्या उत्तरात आहे.

मालकाचा मुलगा जिन्यात अडवतो, अंगावर येऊन बोलतो, रात्री फोन करतो, नंबर ब्लॉक केला तर दुसऱ्या नंबरवरून. पोलीस स्टेशनला गेले तर म्हणाले, "मालक भाडेकरूचं भांडण आहे, सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा." आता काय?

हे "सिव्हिल मॅटर" ऐकून परत आलेले लोक मी इतके पाहिलेत की या दोन शब्दांचा मला मनापासून राग येतो. घर खाली करायचं की नाही, भाडं किती, डिपॉझिट कोणाचं, हे सिव्हिल. जिन्यात अडवणं, पाठलाग, अश्लील बोलणं, अंगाला हात लावणं हे सिव्हिल नाही, ते करणारा मालकाचा मुलगा असो नाहीतर रस्त्यावरचा कोणी. न्याय संहितेप्रमाणे अडवणं कलम १२६, लैंगिक छळ कलम ७५, नको म्हटल्यावरही मागे लागणं, सारखे फोन करणं कलम ७८, विनयभंग कलम ७४, बाईला लाज वाटेल असं बोलणं, हावभाव करणं कलम ७९. कलमं तुम्ही पाठ करायची गरज नाही, पण अर्जात भाड्याचं, डिपॉझिटचं भांडण मिसळू नका, तिथेच घोटाळा होतो. बाई जाते आणि सुरुवातच करते की तीन महिन्यांपूर्वी नळ गळत होता, मग भाडं वाढवलं, मग... आणि ठाणे अंमलदार तिथेच पेन खाली ठेवतो. पहिल्या ओळीत अमुक तारखेला अमुक वाजता अमुक माणसाने काय केलं तेवढंच यायला हवं.

तोंडी सांगू नका, लेखी अर्ज न्या, दोन प्रती, एकीवर शिक्का, तारीख आणि सही घेऊनच बाहेर पडा. ती पोच म्हणजे तुमचा जीव आहे असं समजा. वर सांगितलेल्या ७४ ते ७९ कलमांतली तक्रार असेल तर ती महिला पोलीस अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, तसं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे, तेव्हा स्पष्ट मागणी करा. "हे आमच्या हद्दीत येत नाही" हे कारणही चालत नाही, कुठल्याही पोलीस स्टेशनला झिरो एफआयआर नोंदवता येतो. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, मागून घ्या.

फरक एवढा लक्षात ठेवा, दखलपात्र गुन्हा (ज्याचा तपास पोलीस स्वतःहून करू शकतात) असेल तर एफआयआर, आणि अदखलपात्र असेल तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. नुसती शिवीगाळ, दमदाटी असली की बहुतेक वेळा एनसी लिहून हातात कागद देतात, आणि मॅजिस्ट्रेटच्या हुकमाशिवाय त्याचा तपास पोलीस करू शकत नाहीत. म्हणून लोक म्हणतात एनसीला काही अर्थ नाही. मला तसं वाटत नाही. एकाच माणसाविरुद्ध चार एनसी एका पाठोपाठ लागल्या की पाचव्या वेळी तुमच्याकडे बघायची नजर बदलते, आणि कोर्टात मनाई हुकूम मागताना याच एनसी कामाला येतात.

एफआयआर घेतच नसतील तर तोच अर्ज पोलीस अधीक्षकांना, शहरात असाल तर पोलीस आयुक्तालयात, स्पीड पोस्टने पाठवा, पावती जपा. त्यानेही झालं नाही तर वकिलामार्फत मॅजिस्ट्रेटकडे. दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ साली सांगून ठेवलंय. वकिलाच्या फीची काळजी असेल तर जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, बायकांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांनाही. हेल्पलाइन १५१००. हे लोकांना माहीतच नसतं आणि तिथे कुणी जातच नाही, फार वाईट वाटतं.

आम्ही पागडीच्या खोलीत तीन पिढ्या राहतो, माझं वय ७१. बिल्डिंग बिल्डरला द्यायची म्हणून मालकाने आधी जिन्यातले दिवे काढले, मग संडासाची साफसफाई बंद केली, आता पाण्याचा पंप दिवसाआड बंद. मे महिन्यापासून भाडंही घेत नाही. शेजारचे दोघं कंटाळून गेले. आम्हीही जावं असं त्याला वाटतंय.

काका, त्याला नेमकं तेच वाटतंय, आणि म्हणूनच तो कोर्टात न जाता पंप बंद करतोय. कोर्टात गेला तर त्याला कारण सिद्ध करावं लागेल, तुम्ही कंटाळून गेलात तर काहीच करावं लागत नाही.

तुमच्या बाजूने भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे आणि ते चांगलं भक्कम आहे. पाणी, वीज, जिन्यातले आणि पॅसेजमधले दिवे, लिफ्ट, साफसफाई, या सगळ्याला कायदा अत्यावश्यक सेवा म्हणतो आणि मालकाने योग्य कारणाशिवाय त्या तोडायच्या नाहीत, अडवायच्या नाहीत. तुमच्या पत्रातल्या तिन्ही गोष्टी यात अगदी शब्दशः बसतात. मुंबईत लघुवाद न्यायालयात आणि जिथे ते कोर्ट नाही तिथे दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर यांच्याकडे अर्ज करायचा, सेवा पुन्हा चालू करा असा हुकूम मागायचा, आणि निकाल लागेपर्यंत अंतरिम हुकूमही मिळू शकतो. सेवा तोडल्याबद्दल मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंडही आहे. वीज म्हणजे जगण्याची मूलभूत गरज आहे, मालकाची एनओसी नाही म्हणून भाडेकरूला ती नाकारता येत नाही, असं सुप्रीम कोर्टाने २०२२ साली महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात म्हटलंय, तेव्हा स्वतःच्या नावाच्या मीटरसाठी वीज कंपनीकडे अर्ज करायलाही कचरू नका.

पण मला तुमच्या पत्रातली सगळ्यात काळजीची गोष्ट पाणी नाही वाटत, भाडं वाटते. भाडं न घेणं ही जुनी चाल आहे. मे महिन्यापासून घेत नाही, मग एक दिवस नोटीस येईल की भाडं थकलंय, खोली खाली करा. म्हणून दर महिन्याला, एकही महिना न चुकवता, भाड्याचा चेक पत्रासोबत स्पीड पोस्टने पाठवा, परत आलं तर पाकीट फोडू नका, तसंच बंद ठेवा. त्या पाकिटावरचा "घेण्यास नकार" हा पोस्टमनचा शेरा म्हणजे तुम्ही भाडं द्यायला तयार होता याचा पुरावा. आणि थकबाकीची नोटीस आलीच तर घाबरू नका पण झोपूही नका, कलम १५ प्रमाणे लेखी नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस त्याला दावाच लावता येत नाही, आणि दावा लागला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत थकलेलं भाडं आणि १५ टक्के साधं व्याज कोर्टात भरलं, आणि पुढचं भाडंही भरत राहिलात, तर थकबाकीच्या कारणावरून ताबा घेता येत नाही. या तारखा कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवा. भाडं घेतलं की पावती देणं मालकावर बंधनकारक आहे, म्हणून जुन्या पावत्या, वडिलांच्या नावाच्या असतील त्याही, प्लास्टिकच्या पिशवीत घालून घराबाहेर कुणा विश्वासू माणसाकडे एक झेरॉक्स सेट ठेवा.

शेजारचे गेले म्हणता, पण मजल्यावर अजून कोण आहे? चार बिऱ्हाडांनी मिळून एकच अर्ज केला तर वकिलाचा खर्च वाटला जातो, आणि बंद पंपाचा पंचनामा करायला माणसं आली की एकटा म्हातारा माणूस बोलतोय असं कोणी म्हणत नाही.

ऑफिसातून आलो तर दाराला नवीन कुलूप आणि सामान पॅसेजमध्ये! अ‍ॅग्रीमेंटचे अजून चार महिने बाकी होते. आता मित्राकडे आहे. परत आत जाता येईल का?

येईल, पण वेळ घालवू नका. कोर्टाच्या हुकमाशिवाय कोणालाही असं बाहेर काढता येत नाही, अ‍ॅग्रीमेंट संपलेलं असतं तरी मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाऊनच ताबा घ्यावा लागतो. सामान बाहेर दिसलं त्या क्षणी ११२ ला फोन करायला हवा होता, झालं ते झालं, आता आजच लेखी तक्रार द्या, सामानाचे फोटो आणि काय गायब आहे त्याची यादी जोडा. आणि वकिलाकडून स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट १९६३ च्या कलम ६ खाली दावा लावा. या दाव्यात मालक कोण हे कोर्ट बघतच नाही, फक्त एवढंच बघतं की ताबा तुमचा होता का आणि तुम्हाला कायदा सोडून बाहेर काढलं का. मुदत काढून टाकल्यापासून ६ महिने, एक दिवसही जास्त नाही. लोक मध्यस्थ, ब्रोकर, ओळखीचे नगरसेवक करत पाच महिने घालवतात आणि मग माझ्याकडे येतात.

आमचं अ‍ॅग्रीमेंटच केलेलं नाही, सगळं तोंडी. मालक म्हणतो तक्रार केलीस तर तू इथे राहतोस हेच सिद्ध होणार नाही.

खोटं बोलतोय. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे अ‍ॅग्रीमेंट लेखी आणि रजिस्टर करणं ही जबाबदारी मालकाची आहे, केलं नाही तर ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड त्यालाच आहे. आणि तसा कागद नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, खोटं आहे हे मालकाने सिद्ध करायचं. तुम्ही फक्त राहत होतात हे दाखवा, भाडं पाठवल्याचे यूपीआयचे मेसेज, गॅसचं बिल, त्या पत्त्यावर आलेली कुरिअर. कॅशने देत असाल तर या महिन्यापासून बंद.

मालक चांगला आहे पण सोसायटीचे सेक्रेटरी आम्हा तीन मुलींना येता जाता टोमणे मारतात, पाहुणे आले की रजिस्टरचा फोटो ग्रुपवर टाकतात.

ग्रुपवर टाकलेल्या प्रत्येक फोटोचा, प्रत्येक कमेंटचा स्क्रीनशॉट घ्या, तारीख दिसेल असा. तुम्ही सोसायटीच्या मेंबर नाही, म्हणून मालकाकडून सोसायटीला लेखी पत्र द्यायला लावा, मेंबरच्या पत्राची दखल त्यांना घ्यावी लागते, नाही घेतली तर मालक सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे जाऊ शकतो. आणि टोमणे बाईपणावर असतील तर मालकाची वाट बघू नका, वर सांगितलेलं कलम ७९ सेक्रेटरीलाही लागू होतं.

व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय की नवीन कायद्याने दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेता येत नाही. मालक डिपॉझिट देणार नाही अशी धमकी देतोय म्हणून मुदत संपल्यावरही तिथेच राहायचा विचार आहे, चालेल ना?

नाही चालणार. तो मेसेज २०२१ च्या मॉडेल टेनन्सी अ‍ॅक्टबद्दल आहे, तो केंद्राने दिलेला नमुना आहे, राज्याने स्वतः तसा कायदा केल्याशिवाय लागू होत नाही. आणि लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलात तर भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ प्रमाणे दुप्पट भाडं नुकसानभरपाई म्हणून अंगावर येतं, म्हणजे डिपॉझिट त्यातच जाईल. वेळेवर सोडा, वकिलाची नोटीस पाठवा, मग पैसे वसुलीचा दावा.

माझी मुलगी तक्रार नको म्हणते, म्हणते घर बदलू, पोलीस, कोर्ट कशाला. तिला समजवा.

मी नाही समजावणार. त्रास तिला झालाय, घर सोडायचं असेल तर तिला सोडू द्या, त्यात हार वगैरे काही नाही, आधी तिची झोप परत येऊ दे. फक्त दोन गोष्टी तिच्याशी शांतपणे बोला. एक, घर सोडलं म्हणून तक्रारीचा हक्क जात नाही, महिन्याभराने वाटलं तरी जाता येतं, म्हणून मेसेज डिलीट करू नकोस, फोन विकू नकोस. दुसरं, एकटी जाऊन चावी देऊ नकोस, तुम्ही दोघी जा. निघताना प्रत्येक खोलीचा, भिंतींचा, नळांचा, मीटरच्या रीडिंगचा सलग एक व्हिडिओ काढा आणि चावी हातात देताना एका कागदावर "आज अमुक तारखेला फ्लॅटचा ताबा आणि दोन चाव्या मिळाल्या" असं लिहून मालकाची सही घ्या. सही देत नसेल तर तिथेच उभं राहून तोच मजकूर त्याला मेसेज करा आणि मग चावी ठेवा.